औषधांच्या घाऊक व्यवसायात माहिती प्रणाली कशी उभारावी : नवागतांसाठी मार्गदर्शन

औषधांच्या घाऊक व्यापारात ज्या दिवशी एखाद्या कंपनीकडून ‘अमुक बॅच क्रमांकाचा माल तातडीने परत मागवा’ असे पत्र येते, त्या दिवशी त्या पेढीची माहिती प्रणाली किती पक्की आहे ते कळते. एखाद्या पेढीत बॅच क्रमांक, म्हणजे एकाच वेळी बनवलेल्या मालाला दिलेला क्रमांक, संगणकावर टाकला, की त्या बॅचचे खोके कोणत्या तारखेला आले, त्यांतल्या किती स्ट्रिपा कोणकोणत्या दुकानांना कोणत्या बिलाने गेल्या आणि आपल्या रॅकवर किती उरल्या, याची यादी दहा मिनिटांत हाती पडते. दुसऱ्या एखाद्या पेढीत तेच पत्र आल्यावर तीन माणसे दोन दिवस बिलांचे गठ्ठे चाळत बसतात, आणि तरीही एखादे दुकान नजरेतून सुटतेच. संगणक दोन्हीकडे असतो, कित्येकदा सॉफ्टवेअरही एकच असते. फरक असतो तो एवढाच, की पहिल्या पेढीत माल उतरवून घेणाऱ्या माणसाने त्याच वेळी बॅच क्रमांक नोंदवलेला असतो, आणि दुसऱ्या पेढीत तो रकाना ‘नंतर भरू’ म्हणून रिकामा राहिलेला असतो.

घरच्या पेढीचे काम नव्याने हाती घेणारे तरुण, नुकतेच रुजू झालेले लेखापाल किंवा व्यवस्थापक आणि वाणिज्य शाखेचे विद्यार्थी यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण औषधांच्या स्टॉकिस्टचे, म्हणजे कंपनीकडून माल घेऊन दुकानांना पुरवणाऱ्या घाऊक विक्रेत्याचे, घेतले आहे, कारण मुदत, बॅच, परवाना, कर आणि उधारी या साऱ्या गोष्टी या व्यवसायात एकाच छताखाली येतात, आणि माहितीची हेळसांड झाली तर नुकसान पैशापुरते न राहता रुग्णापर्यंत पोहोचते. हार्डवेअर, किराणा किंवा कापड यांच्या घाऊक व्यापारातही थोड्याफार फरकाने हाच मार्ग चालतो. पुढच्या प्रत्येक पायरीमागे एकच आग्रह आहे : नोंद घटना घडते त्या जागी, घडते त्या वेळी, आणि एकदाच व्हावी.

माहिती प्रणाली म्हणजे काय

माहिती प्रणाली म्हणजे संगणक, असा समज नवीन माणसाच्या मनात सहज घर करतो. प्रत्यक्षात काम करणारी माणसे, कामाची ठरलेली रीत, नोंदी आणि त्या नोंदी साठवणारे साधन या सर्वांची मिळून माहिती प्रणाली होते. संगणक हे त्यांतले फक्त साधन आहे. आपल्याकडच्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या रोजकीर्द आणि खतावणी चालत आली, तीही एक भक्कम माहिती प्रणालीच होती. रोजकीर्दीत व्यवहार घडेल तसा, तारखेच्या क्रमाने लिहिला जाई, आणि खतावणीत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवला जाई. रोजकीर्द ही कच्ची नोंद, आणि अमक्याकडून किती येणे आहे हे खतावणीतून निघणारे उत्तर ही माहिती. संगणकाने खतावणीचे श्रम जवळजवळ संपवले. रोजकीर्द मात्र आजही माणसालाच लिहावी लागते, आणि ती चुकली तर तिच्यातून निघणारा प्रत्येक अहवाल तितकाच नेटका पण चुकीचा निघतो.

पाठ्यपुस्तकांत व्यवहार नोंदवणाऱ्या, व्यवस्थापनाला अहवाल देणाऱ्या आणि निर्णयाला साहाय्य करणाऱ्या अशा वेगवेगळ्या प्रणाली सांगितलेल्या असतात. लहान पेढीत या तिन्ही एकाच सॉफ्टवेअरमध्ये नांदतात, त्यामुळे सुरुवातीला त्या वर्गीकरणात फार अडकण्याचे कारण नाही.

पहिली पायरी : एका खोक्याचा पाठलाग

काहीही विकत घेण्यापूर्वी आठ दिवस एक वही घेऊन गोदामात बसावे. ट्रान्सपोर्टमधून आलेला एक खोका निवडावा आणि तो उघडला जाण्यापासून त्यातल्या मालाचे पैसे बँकेत जमा होईपर्यंतच्या सर्व टप्प्यांवर त्याच्या मागे जावे. पावती घेणे, पुरवठादाराच्या बिलाशी माल ताडून पाहणे, रॅकवर लावणे, दुकानदाराची ऑर्डर, बिल, पॅकिंग, डिलिव्हरी, पोचेवरची सही आणि शिक्का, वसुली आणि बँक असा हा प्रवास असतो. प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारावेत : ही गोष्ट सर्वांत आधी कोणाला कळते, तो ती कुठे लिहितो, आणि तीच गोष्ट पुढे पुन्हा कुठे लिहिली जाते. जिथे जिथे एकच आकडा दुसऱ्यांदा हाताने उतरवला जातो, तिथे तिथे लाल पेनाने खूण करावी, कारण पुढच्या बहुतेक चुका त्या खुणांपाशीच सापडणार असतात.

माल उतरवून घेण्याच्या टेबलापाशी सर्वांत जास्त वेळ थांबावे. समजा, एका औषधाच्या दहा स्ट्रिपा प्रत्येकी ९० रुपयांनी आल्या आणि दहावर एक अशी स्कीम असल्याने अकरावी स्ट्रिप फुकट मिळाली. बिलावर रक्कम ९०० रुपयांची आहे, पण रॅकवर अकरा स्ट्रिपा लागल्या आहेत. नोंद करणाऱ्याने फुकटच्या रकान्यात एक लिहिले नाही, तर संगणकातला साठा दहाच राहतो. शेवटची स्ट्रिप विकताना साठा शून्याखाली जातो, मग बिल अडते, आणि बिल अडू नये म्हणून कोणीतरी शून्याखालचा साठा चालवून घेण्याची मुभा सॉफ्टवेअरमध्ये कायमची चालू करून टाकतो. त्या क्षणापासून साठ्याच्या आकड्यावर कोणाचाच विश्वास राहत नाही. हीच नोंद नीट झाली असती, तर प्रत्येक स्ट्रिपची खरी पडताळ, म्हणजे प्रत्यक्ष पडलेली किंमत, ९० नसून सुमारे ८१ रुपये ८२ पैसे आहे, हेही मालकाला कळले असते, आणि दुकानदाराला किती सवलत देणे परवडते याचा हिशेब त्यावरूनच मांडता आला असता.

त्याच टेबलावर मुदतीची नोंद होते. स्ट्रिपवर मुदत ‘०८/२७’ अशी महिना आणि वर्ष एवढीच छापलेली असते, आणि तिचा अर्थ ते औषध त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत चालते असा आहे. सॉफ्टवेअरने ही तारीख १ ऑगस्ट अशी धरली, तर चांगला माल महिनाभर आधीच विक्रीतून बाद होतो. आपले सॉफ्टवेअर ती ३१ ऑगस्ट धरते की नाही, हे पहिल्याच दिवशी एका खऱ्या स्ट्रिपवर तपासून घ्यावे.

दुसरी पायरी : प्रश्न आधी, अहवाल नंतर

पेढीच्या मालकाला, लेखापालाला आणि गोदाम सांभाळणाऱ्याला रोज कोणते निर्णय घ्यावे लागतात ते विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. ‘उद्या कोणत्या कंपनीला ऑर्डर पाठवायची?’, ‘या दुकानाला आणखी उधार द्यायचे का?’, ‘येत्या तीन महिन्यांत मुदत संपणारा माल किती आणि तो कोणाकडून परत घेतला जाईल?’, ‘या महिन्यात कर किती भरावा लागेल?’ असे दहा-बारा प्रश्न निघतात. प्रत्येक प्रश्नासमोर त्याच्या उत्तरासाठी कोणती नोंद लागेल ते लिहावे. जी नोंद कोणत्याही प्रश्नाला किंवा कोणत्याही कायद्याला लागत नाही, ती भरण्याची सक्ती कोणावर करू नये. निरर्थक रकाने भरायला लावले की माणसे महत्त्वाचे रकानेही कसेतरी भरू लागतात.

तिसरी पायरी : मूळ याद्या

सॉफ्टवेअरच्या भाषेत ज्यांना मास्टर म्हणतात, त्या मूळ याद्या म्हणजे या इमारतीचा पाया आहे. मालाची यादी, ग्राहकांची यादी आणि पुरवठादारांची यादी या तीन याद्या एकाच जबाबदार माणसाने तयार कराव्यात, आणि पुढेही नवे नाव चढवण्याचा अधिकार त्याच्याकडेच ठेवावा. बिल करणाऱ्या प्रत्येकाला नवे नाव टाकता येऊ लागले, की तेच औषध ‘५००’, ‘५०० मिग्रॅ’ आणि ‘५०० गोळी’ अशा तीन नावांनी यादीत येते, साठा तिन्हींत विभागला जातो, आणि रॅकवर माल असूनही ऑर्डर घेणारा दुकानदाराला ‘शॉर्ट आहे’ असे सांगून बसतो.

मालाच्या यादीत नाव, पॅक, कंपनी, एचएसएन क्रमांक (करासाठी मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक), कराचा दर आणि साठवणुकीची अट हे रकाने असावेत. इन्सुलिन किंवा लसींसारखा २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायचा माल वेगळा ओळखू आला पाहिजे. ग्राहकांच्या यादीत जीएसटी क्रमांक, उधारीची मर्यादा आणि औषध परवान्याचे क्रमांक असावेत. किरकोळ दुकानाचे परवाने साधारणपणे नमुना २० आणि २१ चे, तर घाऊक विक्रेत्याचे २०-बी आणि २१-बी चे असतात. ज्याच्याकडे परवाना नाही त्याच्या नावाने बिलच होऊ नये, अशी अडवणूक सॉफ्टवेअरमध्येच करून ठेवावी.

जीएसटी क्रमांकाची रचना मुद्दाम समजून घ्यावी, कारण चूक आत शिरण्याआधीच ती कशी अडवावी याचा तो उत्तम धडा आहे. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिली दोन अक्षरे राज्याची असतात, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०. पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन, आणि अगदी शेवटचे अक्षर आधीच्या चौदा अक्षरांवरून गणिताने काढलेले असते. टंकताना एखादे अक्षर चुकले, तर हे शेवटचे अक्षर जुळत नाही आणि चूक जागच्या जागी पकडली जाते. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ही पडताळणी चालू आहे ना, ते पाहावे. ती बंद असेल, तर चुकीच्या क्रमांकाचे बिल निघते, समोरच्या दुकानदाराला कराचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, दिसत नाही, आणि त्याचा फोन महिन्याभराने येतो.

मूळ याद्या नीट असण्याचे मोल २२ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वांना दिसले. त्या दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि बहुतेक औषधांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ज्यांच्याकडे कराचा दर मालाच्या यादीत, तारखेसह नोंदवलेला होता, त्यांनी आदल्या रात्री नवा दर नव्या तारखेने चढवला आणि सकाळी दुकान उघडले. तारखेसह हा शब्द महत्त्वाचा आहे. जुना दर पुसून नवा लिहिला, तर आधी १२ टक्क्यांनी विकलेला माल परत आल्यावर क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम ग्राहकाच्या खात्यावर जमा दाखवणारा कागद, चुकीच्या दराने निघते. बदलणारी कोणतीही गोष्ट पुसू नये. ती कोणत्या दिवसापासून बदलली ते लिहावे.

चौथी पायरी : सॉफ्टवेअर निवडणे

नवीन माणूस सुरुवात इथूनच करतो, म्हणून ही पायरी मी मुद्दाम चौथी ठेवली आहे. हिशेबासाठी टॅली आपल्याकडे सर्वपरिचित आहे. औषध वितरकांत मार्गसारखी या धंद्यासाठीच घडवलेली सॉफ्टवेअरे चालतात. मुंबईत घडलेले ईआरपीनेक्स्ट हे मुक्त स्रोताचे सॉफ्टवेअरही आहे, मात्र ते बसवायला आणि सांभाळायला जाणकार माणूस हाताशी लागतो. विक्रेता स्वतःच्या नमुन्यातल्या नोंदींवर सगळे सुरळीत चालवून दाखवतो, त्यावर विसंबू नये. पहिल्या पायरीत आपण ज्या खोक्याचा पाठलाग केला, त्याच खोक्याची बिले त्याच्यासमोर ठेवावीत आणि फुकटच्या स्ट्रिपसह, बॅचसह, मुदतीसह ती आपल्या देखत चढवून दाखवायला सांगावीत. नंतर एक औषध परत आल्याची आणि एक बॅच परत मागवल्याची नोंद करून पाहावी. शेवटी, उद्या आम्ही दुसरीकडे गेलो तर आमच्या सर्व नोंदी आम्हाला कोणत्या स्वरूपात मिळतील, हे लेखी घ्यावे. नोंदी पेढीच्या मालकीच्या आहेत, आणि त्या बाहेर काढता येत नसतील तर ते सॉफ्टवेअर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाचवी पायरी : सुरुवातीची शिल्लक आणि जोडीने चालवण्याचा महिना

नवी प्रणाली शक्यतो १ एप्रिलपासून सुरू करावी, म्हणजे मागच्या वर्षाच्या ताळेबंदातली शिल्लक सरळ पुढे ओढता येते. त्याआधीच्या रविवारी सर्वांनी मिळून मालाची मोजदाद करावी. एकाने मोजावे, दुसऱ्याने लिहावे, आणि संगणकातला जुना आकडा मोजणाऱ्याला दाखवू नये. आकडा समोर असला की डोळे तोच आकडा शोधू लागतात. मग महिनाभर जुनी पद्धत आणि नवी पद्धत जोडीने चालवावी. काम दुप्पट होते आणि कुरकुर होते, हे खरे. पण रोज संध्याकाळी दोन्हींतली रोकड, बँक आणि येणी जुळवून पाहिल्यावर जे फरक निघतात, त्यांतून प्रणालीतल्या उणिवा जितक्या कळतात तितक्या दुसऱ्या कशानेही कळत नाहीत.

याच महिन्यात जुन्या माणसांकडून शिकायचे असते. एका पेढीवरच्या दिवाणजींनी मी काढलेल्या थकबाकीच्या यादीवरून नजर फिरवली आणि एका नावावर बोट ठेवले. “भाऊ, बिलाची मुदत तुमचं मशीन सांगेल, पण या दुकानाचं गिऱ्हाईक शेजारच्या कारखान्याच्या पगारावर चालतं. सात तारखेच्या आत वसुलीला गेलात, तर हात हलवत परत याल.” तीस वर्षांचे हे ज्ञान कोणत्याही वहीत नव्हते. आम्ही ग्राहकांच्या यादीत ‘वसुलीचा दिवस’ असा एक रकाना वाढवला आणि तो दिवाणजींकडूनच भरून घेतला. त्यानंतर त्यांनी नव्या पद्धतीला कधी विरोध केला नाही, कारण आता ती पद्धत त्यांचीही झाली होती.

सहावी पायरी : सरकारी जोडण्या

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, तेव्हापासून पेढीची माहिती प्रणाली पेढीच्या भिंतींपुरती राहिलेली नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला विक्रीचा तपशील, म्हणजे जीएसटीआर-१, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत द्यावा लागतो. १४ तारखेला जीएसटीआर-२बी तयार होते, आणि २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याच्या कराचा गोषवारा, भरून कर चुकता करायचा असतो. यांतली २बी ही आपल्या खरेदीची पुरवठादारांनी दिलेली बाजू आहे. आपण चढवलेली खरेदी आणि २बी एकमेकांशी ताडून पाहणे हे लेखापालाचे दर महिन्याचे अटळ काम आहे. न जुळणाऱ्या बिलांची यादी त्याच दिवशी पुरवठादाराकडे गेली पाहिजे.

२०१७-१८ पासूनच्या कोणत्याही आर्थिक वर्षात ज्यांची उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर गेली आहे, त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नावाने होणाऱ्या बिलांसाठी ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, बंधनकारक आहे. मालाच्या वाहतुकीसाठी ई-वे बिल, म्हणजे पोर्टलवर काढलेला वाहतुकीचा दाखला, लागते; महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल पाठवताना मूल्य १ लाख रुपयांच्या वर गेल्यास, आणि कोल्हापूरहून पणजीला म्हणजे राज्याबाहेर पाठवताना ५० हजारांच्या वर गेल्यास. या दोन्ही गोष्टी बिल करतानाच सॉफ्टवेअरमधून व्हाव्यात. पोर्टलवर जाऊन तोच तपशील पुन्हा टंकायची वेळ येत असेल, तर तिथेही लाल खूण करावी. हिशेबाच्या नोंदी संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवाव्या लागतात, त्यामुळे जुना संगणक काढून टाकताना घाई करू नये.

सातवी पायरी : अधिकार आणि सुरक्षित प्रत

प्रत्येकाचे प्रवेशनाव वेगळे असावे. सगळे जण एकाच नावाने काम करत असतील, तर बिल कोणी बदलले हे कधीच कळत नाही, आणि संशय मात्र सर्वांवर येतो. वेगळे प्रवेशनाव हे प्रामाणिक माणसाचे संरक्षण आहे, असे कर्मचाऱ्यांना समजावून सांगावे. वसुलीची रोकड घेणारा आणि ग्राहकाच्या खात्यावर ती जमा करणारा एकच नसावा. केलेल्या बदलांची आपोआप नोंद ठेवणारी सोय कायम चालू ठेवावी. पेढी कंपनी म्हणून नोंदवलेली असेल, तर अशी सोय असलेलेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचे आहे.

सुरक्षित प्रतीबद्दल मला स्वतःच्या अनुभवातून सांगायचे आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी एका पेढीत रोज रात्री आपोआप प्रत निघेल अशी सोय करून दिली होती, आणि ‘प्रत यशस्वी’ असा संदेश रोज येतही होता. एके दिवशी त्या संगणकाची डिस्क बंद पडली, तेव्हा लक्षात आले की ती प्रत त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये जात होती. कागदी बिलांवरून सात महिन्यांचा व्यवहार पुन्हा चढवायला आम्हाला जवळजवळ महिना लागला, आणि त्या महिन्यात कोणाकडून किती येणे आहे हे त्या मालकांना दुकानदारांनाच विचारावे लागले. तेव्हापासून मी तीन प्रती ठेवतो : एक संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर, आणि एक पेढीच्या इमारतीबाहेर. दर तीन महिन्यांनी त्यांतली एक प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून तिच्यातले कालचे शेवटचे बिल पाहतो. उघडून न पाहिलेली प्रत मी प्रत म्हणून मोजत नाही.

आठवी पायरी : रोज वाचायचे कागद

सॉफ्टवेअर शेकडो अहवाल देऊ शकते. रोज सकाळी चार पुरेसे आहेत. रोकड आणि बँकेची शिल्लक, ३०, ६० आणि ९० दिवसांनुसार मांडलेली येणी, मुदत जवळ आलेला माल, आणि मागवण्याच्या पातळीखाली गेलेला माल. शेवटच्या यादीसाठी मागवण्याची पातळी ठरवावी लागते. एखादे औषध रोज सरासरी ४० स्ट्रिपा जात असेल, माल यायला ५ दिवस लागत असतील आणि दोन दिवसांचा म्हणजे ८० स्ट्रिपांचा राखीव साठा ठेवायचा असेल, तर ती पातळी २८० येते. पावसाळ्यात ताप-सर्दीच्या औषधांची सरासरी बदलते, म्हणून ही पातळी वर्षभर एकच ठेवू नये. जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये ती नव्याने काढावी. मुदतीच्या यादीवरून रॅक लावणाऱ्याला सूचना जावी, की ज्याची मुदत आधी संपते तो माल पुढे आणि बाकीचा मागे.

यासोबत दर शनिवारी वीस मालांची मोजदाद करावी, प्रत्येक वेळी वेगळ्या वीस. फरक सापडला, तर संगणकातला आकडा लगेच दुरुस्त करू नये. त्या मालाची शेवटची आवक, शेवटची दहा बिले आणि परत आलेला माल काढून तो फरक कोणत्या टेबलावर, कोणत्या तारखेला शिरला ते शोधावे, आणि पहिल्या पायरीत ज्या वहीत आपण लाल खुणा केल्या होत्या त्याच वहीत ते लिहून ठेवावे. दुरुस्ती त्यानंतर, मालकांच्या सहीने करावी.